लाईव्ह कार्यक्रमासाठी छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस: घ्यायच्या आधी काय तपासू?

पेटी_ते_प्लगिन

मंडळी, जरा मदत करा. आमचा कोल्हापुरात भावगीत-भक्तीगीतांचा छोटा ग्रुप आहे, दोन गाणारे, पेटी, तबला, ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड) आणि कीबोर्डवर मी. केशवराव भोसले नाट्यगृहाला ऑगस्ट २०२४ मध्ये आग लागली तेव्हापासून आमचे जास्त कार्यक्रम शाहू स्मारकला नाहीतर कुठल्यातरी मंगल कार्यालयात होतात, आणि गणपती-नवरात्र आलं की मंडप. म्हणजे दर वेळी साऊंडवाला वेगळा, मिक्सर वेगळा आणि लाईट तर अंबाबाईच्या भरवशावर.

इतकी वर्षं मोठा कीबोर्ड घेऊन फिरलो, आता पाठ बोलायला लागली म्हणून छोटा मिडी कंट्रोलर (स्वतःचा आवाज नसलेला, लॅपटॉपमधले आवाज वाजवणारा कीबोर्ड) आणि लॅपटॉपवर आलोय. आवाज एकदम भारी आहेत, घरी हेडफोनवर पियानो ऐकला की अंगावर काटा येतो, पण लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधनं मिक्सरला दिलं की मागे सतत घुंईंई आणि माऊस हलवला की किरकिर. शिवाय आता काही गाण्यांना स्ट्रिंग्ज, बासरी, बेस असं प्रोग्रॅमिंग करून ट्रॅक वाजवायचाय आणि ऑक्टापॅडवाल्याच्या कानात क्लिक, म्हणजे लय धरायची टिक-टिक, द्यायचाय, तो क्लिक पब्लिकला ऐकू गेला तर काय शोभा होईल ते वेगळं सांगायला नको.

म्हणून लॅपटॉपचा आवाज यूएसबीमधनं घेऊन मिक्सरला देणारी डबी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस घ्यायचाय. बजेट पंधरा ते वीस हजार, अगदीच गरज असेल तर थोडं वर. यूट्यूबवर बघितलं तर सगळे रिव्ह्यू घरात बसून रेकॉर्डिंग करणाऱ्यांचे, प्रीअँप (माईकचा बारीक आवाज वाढवणारा भाग) किती स्वच्छ, २४ बिट १९२ किलोहर्ट्झ, हा वॉर्म आहे तो क्रिस्प आहे. स्टेजवर त्याचा काय उपयोग ते कोण सांगत नाही. फोकसराईट स्कार्लेट २आय२, मोटू एम२, बेहरिंगरची यूएमसी सिरीज अशी नावं पुढं आलीत. ऑनलाईन मागवला तर परत करायला थोडे दिवस मिळतात, तेवढ्यात घरी बसून कसं ओळखायचं की हा गडी स्टेजवर टिकणार का नाही? दोन आऊट पुरतील का चार पाहिजेत? आणि गायकांचे माईक पण यातच घेतले तर चालतंय का? लॅपटॉप विंडोजचा आहे, पाच-सहा वर्षं जुना.

मंडप_साऊंड_शाहूपुरी

भावा, शेवटच्या प्रश्नापासनं सुरू करतो. गायकांचे माईक त्यात घालू नकोस. दोन गाणारे, पेटीला एक, तबल्याला दोन, पाच माईक इथंच झाले, दोन इनपुटच्या डबीत ते बसवणार कुठं? आणि बसवले तरी लॅपटॉप अडकला की गायकासकट सगळा कार्यक्रम मुका. माईक मिक्सरला, लॅपटॉप पण मिक्सरला, मग लॅपटॉपनं मान टाकली तरी पेटी-तबला-गाणं चालू राहतंय आणि पब्लिकला वाटतंय इथं मुद्दामच वाद्यं कमी केलीत. म्हणजे इनपुट तू वापरणारच नाहीस, म्हणजे प्रीअँपचे जेवढे रिव्ह्यू बघितलास ते सगळे तुझ्यासाठी बाद. तुला आऊट बघायचेत. किती आहेत, बॅलन्स्ड (वाटेतली खरखर कापणारे) आहेत का, आणि जॅकचं सॉकेट बॉडीला नटनं आवळलंय का नुसतं आतल्या बोर्डावर तोललंय.

आता घुंईंचं. इंटरफेस घेतला की घुंई आपोआप जाईल असं धरून चालू नकोस. आज एक काम कर, लॅपटॉपचा चार्जर काढ आणि बॅटरीवर वाजवून बघ. गेली घुंई तर तो ग्राऊंड लूप. चार्जरचं अर्थ एका वाटेनं, मिक्सरचं अर्थ दुसऱ्या वाटेनं, आणि मधी तुझी केबल दोघांना जोडतीय. यूएसबी इंटरफेस लावला तरी यूएसबीच्या ग्राऊंडमधनं तीच घाण पुढं येऊ शकते. तिला तोडायला बॅलन्स्ड केबल नाहीतर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सरच्या मधी लावायची डबी) लागतोय, त्यावर ग्राऊंडची जोड तोडायचं ग्राऊंड लिफ्टचं बटण असतंय. दोन चॅनलचा पॅसिव्ह डीआय घेऊन ठेव, त्याला ना बॅटरी ना अ‍ॅडाप्टर, आणि इंटरफेस उद्या बदललास तरी तो तसाच कामाला येतोय.

आणखी एक कारण आहे डीआयचं. बऱ्याच छोट्या मिक्सरला ४८ व्होल्ट फँटमचं (माईकच्या केबलमधनंच माईकला वीज द्यायचं) बटण सगळ्या माईक चॅनलला मिळून एकच असतंय. पेटीला कंडेन्सर माईक लावला की त्याला ती वीज लागते म्हणून आम्ही ते दाबणार, आणि तुझा इंटरफेसचा आऊट एक्सएलआरनं (माईकच्या तीन पिनच्या केबलनं) माईक चॅनललाच लावलेला असला तर ते ४८ व्होल्ट उलटे तुझ्या डबीच्या आऊटपुटवर येतात. काही इंटरफेस सोसतात, काही नाही, कशाला बघायचं. ट्रान्सफॉर्मर मधी असला की फँटम तिथंच अडतंय. तो इंटरफेसची मोठी लाईन लेव्हल पण माईकच्या छोट्या लेव्हलला आणतोय, म्हणजे साऊंडवाला गेन कुठं ठेवू म्हणून बोंबलत नाही.

आणि ऐक, कुणी सांगितलं की थ्री-पिनमधली अर्थची पिन काढून टाक घुंई जाते, तर त्याचं ऐकू नकोस. घुंई जाते खरी पण मंडपात जनरेटरवर अर्थिंग नसलं की माईकला ओठ लागल्यावर गायकाला जो झटका बसतोय तो मी बघितलाय. मी मल्टिमीटर खिशात ठेवतो, प्लगमधी न्यूट्रल आणि अर्थच्या मधी दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं की आधी इलेक्ट्रिशियनला हाक, मग साऊंड चेक.

बफर_१२८

शाहूपुरीवाल्या दादांशी पूर्ण सहमत. मी मूळची राजारामपुरीची, आता पुण्यात आयटीत, वीकेंडला एका बँडमध्ये लॅपटॉप सांभाळते, त्यामुळे घरी बसून काय तपासायचं ते मी सांगते.

१९२ किलोहर्ट्झ डोक्यातनं काढून टाका. ४८ वरच चालवा. १९२ ला सॉफ्टवेअरला दर सेकंदाला चौपट सँपल (आवाजाचे मोजलेले ठिपके) तयार करावे लागतात, पाच-सहा वर्षं जुना लॅपटॉप तिथंच दमतो आणि मंडपातल्या बॉक्समधनं कुणाला काडीचा फरक कळत नाही. फक्त एक बघा, तुमचे ट्रॅक ४४.१ वर बनवलेले असतील तर ते आधीच ४८ ला करून ठेवा नाहीतर सगळं ४४.१ वरच चालवा, दोन्हीची खिचडी नको.

आता लेटन्सी, म्हणजे कळ दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर. १२८ सँपलचा बफर (आवाज बाहेर जायच्या आधी साठवायची जागा) ४८ किलोहर्ट्झवर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३. हे एका बाजूचं झालं, त्यावर ड्रायव्हर आणि कन्व्हर्टर आपला थोडा थोडा वेळ घालतात आणि तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये दिसतो तेवढाच असतो असं नाही. खरा मोजायचा तर इंटरफेसच्या आऊटमधनं एक केबल त्याच्याच इनपुटला लावा आणि आरटीएल युटिलिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा, ते वेगवेगळ्या बफरला जाऊन-येऊन किती वेळ लागला ते मोजून देतं. तुमच्या बाबतीत माईक आत जात नाहीये, मिडी आत आणि आवाज बाहेर एवढंच, म्हणून तुम्हाला जवळपास अर्धाच लागू. आणि आवाज हवेतनं १ मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे मॉनिटर दोन मीटर लांब ठेवला की सहा मिलिसेकंद तिथंच गेले. त्यामुळे २ का ३ मिलिसेकंद यावर इंटरनेटवर भांडणारे लोक आहेत त्यांना भांडू दे. जाऊन-येऊन दहाच्या आत असेल तर तुमच्या बोटांना काही कळणार नाही.

कळेल ते वेगळंच, आवाजात फुटणारी टक-टक. आणि ती बहुतेक वेळा इंटरफेसची नसते, लॅपटॉपची असते. म्हणून इंटरफेस यायच्या आधीच लेटन्सीमॉन चालवून बघा, तो कुठला ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर अडवून बसतो ते दाखवतो, आमच्याकडे दर वेळी वायफायचा ड्रायव्हर सापडतो. स्टेजवर वायफाय ब्लूटूथ बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, विंडोज अपडेट पॉज. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विंडोजचा डिफॉल्ट साऊंड लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरला ठेवा आणि तो म्यूट करा, इंटरफेस फक्त तुमच्या होस्ट सॉफ्टवेअरलाच (ज्यात वाद्यांचे आवाज उघडता ते) एएसआयओमधनं (विंडोजवरच्या कमी उशिराच्या ड्रायव्हरमधनं) द्या. नाहीतर गायिका डोळे मिटून आलाप घेतीये आणि बॉक्समधनं व्हॉट्सअ‍ॅपची टिंग.

इंटरफेस हातात आल्यावर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे का ते आधी बघा. एएसआयओफॉरऑल हा जुगाड आहे, घरी ठीक, कार्यक्रमाला नको. मग तुमचं सगळ्यात जड गाणं उघडा, सस्टेन पेडल दाबून दोन्ही हातांनी कॉर्ड बडवा, १२८ वर फुटलं नाही तर ६४ ला जा, आणि ६४ ला टिकला तर कार्यक्रमात १२८ नाहीतर २५६ वर चालवा, तेवढी मोकळी जागा हाताशी पाहिजेच. त्यानंतर पूर्ण कार्यक्रम, दोन-अडीच तास, न थांबता वाजवा. दुपारी, पंखा बंद करून. गंमत नाही करत, मंडपात हॅलोजनच्या शेजारी लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि घरी एसीत पास झालेला सेटअप तिथं नापास होतो.

शेवटची परीक्षा क्रूर आहे पण कराच: चालू गाण्यात यूएसबी केबल उपटा आणि परत लावा. सॉफ्टवेअर स्वतःहून इंटरफेस परत पकडतं का, का सगळं बंद करून उघडावं लागतं, आणि त्यात किती वेळ जातो? लावताना-काढताना आऊटमधनं मोठा ठप्प आवाज येतो का? (हे आवाज कमी करून तपासा, स्पीकर तुमचेच आहेत.) स्टेजवर कुणाचातरी पाय केबलमध्ये अडकणारच आहे, त्यावेळी काय होणार हे आधी माहिती असलेलं बरं.

ऑक्टापॅड_इचलकरंजी

मी जरा उलटं बोलणार हाय, राग मानू नका. एवढा कुटाणा कशाला? ट्रॅकसाठी लॅपटॉपच नको. एक स्टिरिओ फाईल बनवायची, डावीकडं ट्रॅक, उजवीकडं क्लिक, जुन्या मोबाईलवर टाकायची, एरोप्लेन मोड करायचा, हेडफोन जॅकमधनं वाय केबल काढून डावी पिन डीआयमधनं मिक्सरला आणि उजवी माझ्या कानात. लई कार्यक्रम असेच निघालेत. मोबाईल हँग होत नाही, ड्रायव्हर नाही, बफर नाही. मंडपात सगळं मोनोच असतंय, उजव्या बॉक्ससमोर बसलेल्या मावशींना डावीकडची बासरी थोडीच ऐकू येणाराय.

आणि ज्याच्याकडं पैसा हाय त्यानं सरळ सँपलिंग पॅड घ्यावा. रोलँड एसपीडी-एसएक्स वर वेव्ह फाईल चढते, क्लिक हेडफोनला वेगळा काढता येतोय. आपला नेहमीचा ऑक्टापॅड एसपीडी-३० आहे त्यात तसली फाईल चढत नाही, हे घेताना लोकांना कळत नाही म्हणून सांगितलं.

खरा प्रश्न वेगळाच हाय. ट्रॅक लावला की तो कुणासाठी थांबत नाही. आपल्याकडं गायकाला दाद आली की तो एक आवर्तन जास्त घेणार, ओळ परत म्हणणार, समोरनं वन्स मोअर आलं की मुखड्यावर जाणार. ट्रॅक मात्र पुढं गेलेला. मग मी बघतोय तुझ्याकडं, तू बघतोयस तबल्याकडं. इंटरफेस पाच हजाराचा असू दे नाहीतर पन्नास हजाराचा, यावर त्याच्याकडं उत्तर नाही.

बफर_१२८

@ऑक्टापॅड_इचलकरंजी मोबाईलचा मार्ग नुसत्या ट्रॅकला बरोबर आहे, पण यांना त्याच लॅपटॉपवरनं कीबोर्ड पण वाजवायचाय, मग ट्रॅक तिथनंच वाजलेला सोपा. आणि गाणं पुढं जाण्यावर उपाय आहे, अखंड फाईल न ठेवता मुखडा, अंतरा, म्युझिक पीस असे तुकडे करायचे आणि पायाच्या स्विचनं पुढच्या तुकड्यावर जायचं, तोपर्यंत आधीचा तुकडा फिरत राहतो. एबलटन लाईव्हमध्ये हे जमतं, मॅकवाल्यांना मेनस्टेज आहे, विंडोजवर कँटाबिले आणि गिग परफॉर्मर. पण खरं सांगू का, ज्या गाण्यात गायक मोकळा सुटणार आहे त्याला ट्रॅकच लावू नका.

आऊटच्या संख्येबद्दल. स्कार्लेट २आय२ किंवा एम२ चांगलेच आहेत, पण त्यात हेडफोनला तेच जातं जे मेन आऊटला जातं. म्हणजे हेडफोनमध्ये क्लिक वेगळा देता येत नाही. दोन आऊटमध्ये भागवायचं तर डावीकडे कीबोर्ड आणि ट्रॅक एकत्र मोनो, उजवीकडे क्लिक. चालतं. पण मग साऊंडवाल्याकडे तुमच्या कीबोर्डला आणि ट्रॅकला मिळून एकच फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी), ट्रॅक जड झाला म्हणून त्यानं खाली घेतला की तुमचा पियानो पण खाली.

चार आऊट असले की पहिल्यातनं कीबोर्ड, दुसऱ्यातनं ट्रॅक, तिसऱ्यातनं क्लिक. मोटू एम४, स्कार्लेट ४आय४ यात चारही आऊट बॅलन्स्ड आहेत. एम४ ला समोर छोटा पडदा आहे, त्यावर प्रत्येक आऊटची लेव्हल दिसते, अंधारात एका नजरेत कळतं की आवाज माझ्याकडनं जातोय का साऊंडवाल्यानं म्यूट केलाय. मला स्टेजवर या एका गोष्टीसाठी तो आवडतो. पण बजेटच्या वर जाईल.

पेटी_ते_प्लगिन

बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. चार्जर काढून बघितला, घुंई एकदम बंद. माऊसची किरकिर अगदी बारीक राहिलीय, कान लावला तरच. म्हणजे दादा म्हणतात तसं डीआय आधी घेतो, इंटरफेस नंतर.

ऑक्टापॅडवाल्या भावाचं वन्स मोअरचं अगदी पटलं, आमच्या गायकांना समेवर येतानाच आपण अजून एकदा म्हणावं असं वाटतं. ट्रॅक चार-पाच गाण्यांनाच ठेवतो.

आता मन यूएमसी२०४एचडी वर अडकलंय, चार आऊट आणि बजेटमध्ये. पण त्यात मागं आरसीए (जुन्या टीव्ही-डेकला असतात तसली सॉकेट) दिसतात, ते बॅलन्स्ड नाहीत ना? आणि लॅपटॉपला यूएसबी दोनच आहेत, कंट्रोलर, इंटरफेस आणि पायाचा स्विच असं तीन लागतंय, हब लावला तर चालेल का?

व्हायोलिन_मंगळवार_पेठ

मध्येच बोलते. मी व्हायोलिन वाजवते, साथीला आयपॅडवर तानपुरा अ‍ॅप, त्यामुळे माझ्याकडे स्टाईनबर्गचा यूआर२२सी आहे. तो घेण्याचं कारण आवाज नव्हे, त्याला मागे ५ व्होल्टचं वेगळं पॉवरचं भोक आहे, म्हणजे आयपॅडची बॅटरी न खाता पॉवरबँकवर चालतो. लॅपटॉपवाल्यांना याची तेवढी गरज नाही, यूएसबी २ च्या पोर्टमधनं ५०० मिलिअँपिअर मिळायला हवेत आणि छोट्या इंटरफेसला तेवढे सहसा पुरतात. पण जुन्या लॅपटॉपचं पोर्ट ढिलं झालं असेल तर भरवसा नाही.

पुढेमागे तुमच्यात कुणी व्हायोलिन, मेंडोलिन पिकअप (वाद्याला चिकटवायचा छोटा माईक) लावून आणलं तर त्याला इन्स्ट्रुमेंट म्हणजे हाय-झी इनपुट लागतं, पिएझो पिकअपला साधारण १ मेगाओहम तरी. साध्या लाईन इनपुटला लावलं की आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो आणि लोक वाद्याला दोष देतात. मिरजेच्या कारागिरानं जीव ओतून बनवलेली सतार सुद्धा तिथं पत्र्याची वाटेल.

आणि हातात घेऊन बघायच्या गोष्टी कुणीच लिहीत नाही म्हणून लिहिते. इंटरफेस फार हलका असला की मागच्या जाड केबलीच त्याला टेबलावरनं ओढून नेतात, खाली रबर आहे का बघा. नॉब पुढे किती आलेत बघा, अंधारात पानं उलटताना मनगट लागून माझा मेन आऊट हळूहळू खाली गेला होता आणि साऊंडवाले काका तिकडे गेन वाढवत बसले होते. आता चंदेरी पेननं खूण करून ठेवलीये. तुमचा आऊटचा नॉब एका जागी ठरवून टाका आणि त्यावर टेप लावा, कमी-जास्त करायचं ते सॉफ्टवेअरमधनं.

मंडप_साऊंड_शाहूपुरी

यूएमसी२०४एचडी चं सांगतो. मेन आऊट दोन, ते पाव इंची जॅकचे, बॅलन्स्ड. मागं आरसीए चार, ते अनबॅलन्स्ड. पण तुला काय फरक पडतोय? कीबोर्ड आणि ट्रॅक मेनच्या दोन जॅकमधनं डीआयला, क्लिक तीन नंबरवर. आणि हेडफोनला ए/बी स्विच आहे, बी वर केलं की तीन-चारचा आवाज हेडफोनमधी, म्हणजे आरसीएला हात पण लावायला नको. ऑक्टापॅडवाला शेजारी बसत असला तर हेडफोनची एक्स्टेन्शन टाकायची, झालं काम. तो स्टेजच्या दुसऱ्या टोकाला बसणार असला तर मात्र तिसऱ्या आऊटमधनं छोट्या हेडफोन अँपला न्यावं लागंल, लाईन आऊटला थेट इअरफोन लावून भागत नाही. यूएमसी४०४एचडी कडं जाऊ नकोस, त्याला वेगळं अ‍ॅडाप्टर लागतंय, स्टेजवर अजून एक चार्जर म्हणजे अजून एक कटकट.

तीन-चारच्या आऊटला कीबोर्डचा आवाज चुकून जोडलेला नाही ना, आणि क्लिक चुकून एक-दोनला जात नाही ना, हे होस्टमधी एकदा नीट लावून सेव्ह करून टाक. मग हेडफोन ए वर कर, ट्रॅक चालू कर, क्लिक ऐकू आला तर अजून चूक आहे.

हब: कंट्रोलर आणि पायाचा स्विच हबवर, इंटरफेस एकटा सरळ लॅपटॉपला. मिडीला दमडीचा करंट लागतोय, हबवर सुखानं चालतंय. इंटरफेस हबवर टाकलास की टक-टकचं कारण शोधत बसशील. यूएमसीला जुनी चौकोनी यूएसबी-बी पिन आहे, लोकं नावं ठेवतात पण मला तीच बरी वाटते, घट्ट बसती. यूएसबी-सी नाजूक, केबल खाली लोंबकळली की सॉकेट सैल. कुठलीही असू दे, केबलला इंटरफेसच्या जवळ एक वळसा देऊन टेबलाला वेल्क्रो नाहीतर काळ्या टेपनं बांध, म्हणजे ओढ बसली तर टेपवर बसंल.

जमलं तर उद्यमनगरात एखाद्या वर्कशॉपमधनं पत्र्याची पट्टी वाकवून घे, इंटरफेस, डीआय आणि हब तिच्यावर स्क्रूनं नाहीतर वेल्क्रोनं बसवायचे, आतल्या केबली कायमच्या लावलेल्या. मंडपात गेलं की बाहेर फक्त मिक्सरला दोन एक्सएलआर आणि लॅपटॉपला दोन यूएसबी. आधीच्या ग्रुपचं आवरायच्या आत तुझं लागलेलं असतंय आणि आम्ही साऊंडवाले अशा माणसाला चहा पाजतो.

ऑक्टापॅड_इचलकरंजी

पट्टीची आयडिया नाद खुळा.

फक्त एक, हेडफोन देताना त्या गड्याला बंद कपाचा नाहीतर इन-इअर दे. उघडा हेडफोन असला आणि शेजारी पेटीचा कंडेन्सर माईक असला की क्लिक तिथनं मिक्सरमधी जातोय, आणि मग सगळे इंटरफेसचं राऊटिंग (कुठला आवाज कुठल्या आऊटला) तपासत बसतात. क्लिकचा आवाज पण काऊबेल नको, टोकदार आवाज लई लांब जातोय. लाकडी, खालच्या पट्टीचा ठेव. आणि एकाच कानात घाल म्हणावं, दुसऱ्या कानानं तबला ऐकायचाय.

पेटी_ते_प्लगिन

डीआय इथल्याच दुकानातनं घेतला, २०४एचडी मागवलाय. आला की पंखा बंद करून पूर्ण कार्यक्रम वाजवतो, घरचे काय म्हणतील ते म्हणोत. @बफर_१२८ आरटीएलचे आकडे इथं टाकतो, बघून सांगा. ऑक्टापॅडवाल्याला विचारलं, तो म्हणतो डाव्या कानात देऊ नको, त्या बाजूला तबला बसतो.

बफर_१२८

टाका टाका. ६४, १२८ आणि २५६ तिन्ही बफरचे टाका, आणि लेटन्सीमॉनचा स्क्रीनशॉट चार्जर लावून एक आणि बॅटरीवर एक असे दोन वेगळे घ्या. बॅटरीवर काही लॅपटॉप वेग कमी करतात, त्यामुळे घुंई घालवायला बॅटरीवर वाजवायचं मनात असेल तर आधी तो आकडा बघू.